दोन गल्ले, एकच कारागीर: निन्टेंडोने दोन मशीन एक का केली?



या आठवड्याचा व्हिडिओ होता ‘दोन धंदे एकत्र करावेत का?’ या विषयावर. त्यात निन्टेंडोचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं, कारण व्हिडिओ लांबला की तुम्ही पुढे ढकलता, हे मला माहीत आहे. पण ते उदाहरण दोन मिनिटांचं नाहीच. म्हणून इथे निवांत लिहितोय. चहा घ्या आणि वाचा.

विषय असा. निन्टेंडो ही जपानची गेम कंपनी वर्षानुवर्षं दोन प्रकारची मशीन विकायची. एक टीव्हीला जोडून घरात खेळायचं, दुसरं हातात धरून कुठेही खेळायचं. दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, किंमत वेगळी, गेमसुद्धा वेगळे. आणि मग २०१७ मध्ये कंपनीने ‘स्विच’ नावाचं एकच मशीन आणलं. स्टँडमध्ये ठेवलं की टीव्हीवर खेळा, उचललं की हातात खेळा. त्यानंतर निन्टेंडोने टीव्हीचं वेगळं आणि हातातलं वेगळं, असं नवीन मशीन काढलंच नाही.

यावर बहुतेक जण एका वाक्यात निकाल देतात: “लोकांना टू-इन-वन आवडतं.” माझं मत वेगळं आहे. हा निर्णय गिऱ्हाईकाकडे बघून जितका घेतला गेला, त्याहून जास्त तो कारागिराकडे बघून घेतला गेला. माल बनवणारे हात कमी पडत होते आणि तेच हात दोन ठिकाणी वाटले जात होते. हे नीट समजलं तर तुमच्या दुकानातला एक मोठा घोळ सुटू शकतो. नाही समजलं, तर टू-इन-वनच्या नादात असलेलं एकही हातचं जाईल.

आधी कंपनी थोडी ओळखून घेऊ

निन्टेंडो १८८९ मध्ये क्योटो शहरात सुरू झाली. तेव्हा ती हाताने बनवलेले जपानी पत्ते विकायची. म्हणजे कॉम्प्युटर वगैरे खूप पुढची गोष्ट. आपल्यातले जे नव्वदच्या दशकात लहानाचे मोठे झालेत, त्यांनी मारिओ खेळलेला असतो, तो बहुधा ‘व्हिडिओ गेम’ नावाने बाजारात मिळणाऱ्या नकली मशीनवर, कॅसेट फुंकून घालून. त्या मशीनचं मूळ म्हणजे निन्टेंडोचं १९८३ चं फॅमिकॉम. तो झाला कंपनीचा घरातला गल्ला. १९८९ मध्ये गेम बॉय आला, तो झाला हातातला गल्ला.

आता हे दोन गल्ले कसे चालायचे ते बघा. घरातल्या मशीनचा धंदा हळूहळू उतरत गेला. पहिल्या मशीनची विक्री जगभरात सहा कोटींच्या वर होती, १९९६ च्या निन्टेंडो ६४ ची सव्वातीन कोटींच्या आसपास, २००१ च्या गेमक्यूबची दोन कोटी १७ लाख. या उतरत्या काळात कंपनीला आधार होता हातातल्या मशीनचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख विकले गेले.

मग दोन्हीकडे एकदम दिवाळी आली. हातातलं डीएस २००४ मध्ये आलं, टीव्हीचं वी २००६ मध्ये. डीएस १५ कोटी ४० लाख आणि वी १० कोटींच्या वर. दोन्ही दुकानांबाहेर रांगा. असा काळ असताना कुठला मालक म्हणेल की दोन दुकानं एक करू? कुणीच नाही. आपणही म्हटलं नसतं.

म्हणून पहिला मुद्दा लिहून ठेवा. दोन धंदे वेगळे ठेवणं ही चूक नव्हती. जोपर्यंत दोन्हीकडे पुरेसा माल जातोय, तोपर्यंत दोन गल्ले म्हणजे दोन आधार. एक पडला तर दुसरा सावरतो.

मग दुखायला कुठे लागलं?

दुखायला लागलं ते माल बनवताना.

जुन्या काळी टीव्हीचा गेम मोठा आणि हातातला गेम छोटा असायचा. छोट्या पडद्याचा गेम बनवायला माणसं कमी लागायची, वेळही कमी. पण मशीन ताकदवान झाली, तशी चित्रं बारीक झाली आणि एकेका गेममागे लागणारी माणसं वाढत गेली. निन्टेंडोचं टीव्हीचं मशीन २०१२ मध्ये हाय डेफिनेशनवर गेलं. हातातलं थ्रीडीएस २०११ मध्येच आलं होतं, तेही आधीच्या डीएसपेक्षा खूप पुढचं. म्हणजे दोन्हीकडचं काम एकाच वेळी वाढलं आणि काम करणारी टीम मात्र तीच.

उदाहरणं बघा म्हणजे डोळ्यांसमोर येईल. २०१२ मध्ये थ्रीडीएससाठी ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स २’ आला आणि त्याच वर्षी वी यूसाठी ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू’. मारिओ कार्टचा सातवा भाग थ्रीडीएसवर, आठवा वी यूवर. आणि कळस म्हणजे ‘स्मॅश ब्रदर्स’. २०१४ मध्ये हा गेम एकदा थ्रीडीएससाठी आणि एकदा वी यूसाठी, असा दोनदा बनवून काही आठवड्यांच्या अंतराने बाजारात आणला. नाव तेच, पात्रं जवळपास तीच, पण आतली रचना वेगळी असल्यामुळे एकाचं काम उचलून दुसऱ्यात जसंच्या तसं टाकता येत नव्हतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर आमटी तीच, पण एका घरी चुलीवर आणि दुसऱ्या घरी इंडक्शनवर, भांडीही वेगळी आणि आचारी मात्र एकच. तो बिचारा इकडून तिकडे पळतोय. मग काय होतं? एका घरी जेवण उशिरा, दुसऱ्या घरी अर्धं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण उगीच नाही. इथे उपाशी होता तो गिऱ्हाईक. मशीन विकत घेऊन बसलाय आणि चांगला नवा गेम महिनोन्महिने येत नाही. वी यू घेणाऱ्यांची हीच मोठी तक्रार होती.

आणि गेम कंपनीत मशीन हा फक्त उंबरठा असतो. धंदा असतो तो आत, गेम विकण्यात. गेम येत नाहीत म्हणून मशीन खपत नाही, आणि मशीन खपत नाही म्हणून बाहेरच्या कंपन्या त्यासाठी गेम बनवत नाहीत. हे चक्र एकदा उलटं फिरायला लागलं की थांबवणं अवघड.

दुसरा धक्का: खिशातला मोबाइल

त्याच सुमारास स्मार्टफोन घराघरात पोचला. प्रवासात वेळ घालवायला वेगळं मशीन कशाला, फोनवर फुकट गेम आहेतच, असं लोकांना वाटू लागलं. हातातल्या मशीनच्या स्वस्त टोकाचं गिऱ्हाईक तिकडे सरकलं.

थ्रीडीएस अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आलं होतं. सहा महिने व्हायच्या आत ते १६९.९९ डॉलरवर आणावं लागलं. जाता जाता एक गोष्ट टिपून ठेवा: ज्यांनी आधी जास्त पैसे देऊन घेतलं होतं, त्यांना कंपनीने २० जुने गेम मोफत दिले. किंमत उतरवताना जुन्या गिऱ्हाईकाचं तोंड बघायला हवं, हे आपल्याकडे कितीजण पाळतात?

मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात निन्टेंडोला सुमारे ४३ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. महाग झालेला येन हेही त्याचं एक कारण होतं. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये स्वतःचा पगार निम्मा केला. भागधारकांनी विचारलं की माणसं कमी का करत नाही, तर त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: आज आकडे बरे दिसावेत म्हणून माणसं काढली, तर उरलेल्यांचा जीव कामात राहणार नाही आणि लोकांच्या मनाला भिडेल असा माल त्यांच्या हातून होणार नाही.

हे वाचून टाळ्या वाजवू नका, त्यातला हिशेब बघा. ज्याच्याकडे सगळ्यात दुर्मिळ गोष्ट कारागीर आहे, तो कारागीर काढून पैसे वाचवत नाही. तो कारागिराचं वाया जाणारं काम वाचवतो.

जोडणं वेगळं, एकत्र करणं वेगळं

आता गमतीचा भाग. स्विचच्या आधीचं वी यू पाहिलं तर तुम्ही म्हणाल, यातही टीव्ही आणि हातातला पडदा दोन्ही होतंच की! बरोबर. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या वी यूसोबत टॅबलेटसारखा मोठा कंट्रोलर होता, त्यावर पडदा होता, काही गेम त्या पडद्यावर पूर्ण खेळता यायचे. पण मुख्य मशीनपासून लांब गेलात की तो पडदा बंद. बसमध्ये न्यायचं तर विसराच. आणि थ्रीडीएसचे गेम त्यावर चालायचे नाहीत. वर नाव असं, की अनेकांना वाटलं ही जुन्या वीला लावायची काहीतरी ॲक्सेसरी आहे.

निकाल काय? १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विक्री. आधीचं वी १० कोटींच्या वर गेलं होतं, हे लक्षात घ्या.

वी यूमध्ये निन्टेंडोने ‘जोडलं’. टीव्हीच्या मशीनला एक पडदा जोडला. त्याने खर्च वाढला, गेम बनवणाऱ्यांना दोन पडद्यांचा विचार करायचं जादा काम लागलं आणि हातातल्या मशीनची टीम वेगळीच राहिली. म्हणजे आधी दोन कामं होती, ती अडीच झाली.

स्विचमध्ये निन्टेंडोने ‘एकत्र केलं’. गेम एकदाच बनवायचा, तो टीव्हीवरही चालतो आणि हातातही. टीव्हीला जोडायचा स्टँड म्हणजे काही वेगळा कॉम्प्युटर नाही, चार्जिंग आणि टीव्हीची जोडणी एवढंच त्याचं मुख्य काम. दोन कामांचं एक झालं.

मी माझ्या बॅचमध्ये हे सांगतो तेव्हा विचारतो, तुम्ही दुकानात जे नवीन आणताय त्याने तुमच्या हातचं काम कमी होतंय की वाढतंय? स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्स, मग लॅमिनेशन, मग फोटो फ्रेम, मग मोबाइल कव्हर. पाटीवर जागा उरत नाही. याला धंदे एकत्र करणं म्हणत नाहीत. याला म्हणतात एक ना धड भाराभर चिंध्या.

आधी स्वयंपाकघर, मग पाटी

मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आवडणारा भाग कुणी फारसा सांगत नाही. स्विच बाजारात आलं मार्च २०१७ मध्ये. पण एकत्र यायला सुरुवात झाली २०१३ मध्ये, कंपनीच्या आत. त्या वर्षी फेब्रुवारीत निन्टेंडोने टीव्हीचं मशीन बनवणारा विभाग आणि हातातलं मशीन बनवणारा विभाग एक केले. पुढे २०१५ मध्ये गेम बनवणारे दोन मोठे विभागही एकत्र आणले.

जानेवारी २०१४ मध्ये इवातांनी गुंतवणूकदारांपुढे हा विचार मांडला. पूर्वी दोन्ही मशीनच्या ताकदीत इतका फरक होता की आतली रचना एक ठेवणं शक्यच नव्हतं. आता तंत्रज्ञान बदललंय, त्यामुळे पुढची मशीन एका कुटुंबातल्या भावंडांसारखी असतील, असा त्याचा आशय होता. लक्षात घ्या, मशीन एकच असेल असं ते म्हणाले नव्हते. आकार कितीही होऊ देत, पण आतला पाया एक हवा, म्हणजे एकदा केलेलं काम सगळीकडे वापरता येईल, यावर त्यांचा भर होता. इवाता जुलै २०१५ मध्ये गेले. स्विच बाजारात आलेलं त्यांनी पाहिलं नाही.

आता आपण काय करतो बघा. आपण आधी फ्लेक्स छापतो! ‘आता एकाच छताखाली!’ आणि आत दोन खरेदी वह्या, दोन गोडाऊन, दोन ठिकाणी उधारी आणि धावणारे तुम्ही एकटे. पाटी एक झाली म्हणून धंदा एक होत नाही.

आणि वेळ येणंही महत्त्वाचं असतं. सेगा कंपनीने १९९५ मध्येच नोमॅड नावाचं मशीन काढलं होतं. घरच्या मशीनच्या कॅसेट त्यात घालून हातात खेळता यायचं. कल्पना चांगली, पण मशीन जाड आणि बॅटरी खाणारं. चाललं नाही. स्विचच्या वेळी मोबाइल आणि टॅबलेटमुळे कमी विजेवर चालणाऱ्या चिप तयार होत्या. निन्टेंडोने स्वतः नवीन चिप शोधत न बसता एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही आधीच बाजारात असलेली जात वापरली. सगळ्यात ताकदवान नाही, पण पुरेशी. जी गोष्ट दुसऱ्याने स्वस्त करून ठेवलीय ती वापरायची आणि आपलं डोकं आपल्या खऱ्या कामात घालायचं, ही या कंपनीची गेम बॉयच्या काळापासूनची सवय.

मग २०१७ मध्ये काय झालं?

मार्चमध्ये स्विचसोबत झेल्डाचा मोठा गेम आला. एप्रिलमध्ये मारिओ कार्ट. जूनमध्ये आर्म्स, जुलैमध्ये स्प्लाटून २, ऑक्टोबरमध्ये सुपर मारिओ ओडिसी. गिऱ्हाईकाला दर थोड्या दिवसांनी दुकानात यायचं कारण मिळत गेलं. पूर्वी जे हात दोन ठिकाणी वाटले जायचे, ते एका ठिकाणी आल्यावर ताट भरलेलं दिसायला लागलं.

यातला मारिओ कार्टचा किस्सा प्रत्येक दुकानदाराने पाठ करावा असा आहे. हा गेम नवीन नव्हता. मारिओ कार्ट ८ वी यूवर २०१४ मध्येच आला होता, तिथे ८४ लाखांच्या आसपास खपला. त्यातच थोडी भर घालून तो स्विचवर आणला, तर सहा कोटींच्या पुढे गेला. माल जवळपास तोच! म्हणजे तुमचा माल खपत नाही तेव्हा दर वेळी मालच वाईट असतो असं नाही. कधीकधी तो अशा गल्ल्यावर ठेवलेला असतो, जिथे माणसं येतच नाहीत.

आणखी एक. जपानमध्ये ट्रेनमध्ये, मित्रांसोबत, हातात धरून खेळायची सवय मोठी. अमेरिकेत हॉलमधल्या मोठ्या टीव्हीची. पूर्वी दोन सवयींसाठी दोन माल लागायचे. आता एकाच मालावर दोन्ही गिऱ्हाइकं आली. पोकेमॉनचे मुख्य गेम आधी नेहमी हातातल्या मशीनवरच यायचे. २०१९ मध्ये ते स्विचवर आले आणि थेट टीव्हीवरही खेळता येऊ लागले.

आता हिशेब, प्रामाणिकपणे

तुमच्यातला हुशार माणूस इथे हात वर करेल. “सर, पूर्वी एकच घर दोन मशीन घ्यायचं. आता एकच घेणार. मग विक्री निम्मी नाही का झाली?”

प्रश्न अगदी योग्य आहे. वी आणि डीएस मिळून २५ कोटींच्या वर मशीन विकली गेली होती. स्विच एकट्याने १५ कोटींची मर्यादा ओलांडली. म्हणजे सोन्याच्या दिवसांशी तुलना केली तर मशीनची संख्या कमीच. ज्यांना फक्त यशोगाथा सांगायची असते, ते हा आकडा सांगत नाहीत.

पण तुलना कशाशी करायची? ते सोन्याचे दिवस संपलेच होते. स्विचच्या आधीची जोडी, वी यू आणि थ्रीडीएस, दोन्ही मिळून नऊ कोटींच्या आत होती. त्यापुढे १५ कोटी बघा. आणि स्विचवर विकले गेलेले गेम १३० कोटींच्या पुढे गेले. डीएसवरचे शंभर कोटींच्या आत होते. उंबरठा एकच, पण आतली विक्री मोठी.

शिवाय एकत्र केल्यावर कंपनी तिथेच थांबली नाही. २०१९ मध्ये स्विच लाइट आणलं, फक्त हातात खेळायचं, २९९.९९ ऐवजी १९९.९९ डॉलरचं. आधी पाया एक केला आणि मग वेगवेगळ्या खिशांसाठी वेगवेगळे दरवाजे उघडले. म्हणजे एका घरात दुसरं मशीन जाण्याची शक्यता पुन्हा तयार झाली, पण या वेळी दुसरी टीम न लावता.

तोटेही होते. स्विच ताकदीत सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या मशीनच्या मागे राहिलं. खिशात मावत नाही. बाजूच्या कंट्रोलरमध्ये बिघाडाच्या तक्रारी इतक्या आल्या, की २०२० मध्ये अध्यक्षांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागावी लागली. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे आधार एकच. वी यू पडलं तेव्हा थ्रीडीएसने घर चालवलं. स्विच पडलं असतं तर?

म्हणून त्यांनी जुना आधार एका झटक्यात तोडला नाही. स्विच आल्यानंतरही थ्रीडीएसचं उत्पादन चालू ठेवलं, २०१७ मध्येच त्या कुटुंबातलं एक नवीन मॉडेलसुद्धा काढलं. थ्रीडीएस बंद झालं ते थेट २०२० मध्ये, स्विच भक्कम उभं राहिल्यावर. नवीन फांदीवर पाय ठरल्याशिवाय जुनी सोडायची नाही. जून २०२५ मध्ये स्विच २ आलं, तेही याच एका वाटेवर आणि जुने बहुतेक गेम चालवणारं.

तुमच्या दुकानात हे कसं लावाल?

समजा, एक ताई पोळी-भाजीचे डबे देतात आणि शनिवार-रविवारी पार्टीच्या ऑर्डरी घेतात. डब्यात घरगुती जेवण, पार्टीत पनीर, पुलाव, मंचुरियन. दोन्हीकडून फोन येतात, तरी महिनाअखेरीला हातात काही राहत नाही आणि कंबर मोडते ती वेगळीच. लोक त्यांना सल्ला देतात, एक बंद करा. मी असा सल्ला लगेच देत नाही. आधी चार प्रश्न विचारतो.

एक: सगळ्यात दुर्मिळ काय आहे? पैसा, जागा, की हात? इथे हात. ताईंचे आणि त्यांच्या मदतनीस मावशींचे. दोन्ही कामांत तेच चार हात वाटले जात असतील, तर एकत्र करण्याचा विचार करायला जागा आहे.

दोन: एकच काम दोनदा कुठे होतंय? सोमवारी एक वाटण, शनिवारी दुसरं वाटण. किराणा वेगळा, भांडी वेगळी. इथे पार्टीचा मेनू असा बसवता येईल का, की त्यातला निम्मा पाया डब्याच्याच स्वयंपाकातून येईल? मसालेभात, भरली वांगी, पुरणपोळी असं मराठी जेवणच पार्टीला द्यायचं. मंचुरियन सोडायचं. स्वयंपाकघर एक, खिडक्या दोन.

तीन: एकत्र केल्यावर कुठलं गिऱ्हाईक काय गमावेल, आणि ते त्याला चालेल का? मंचुरियनवाले जातील. स्विचने ताकदीच्या मागे लागलेलं गिऱ्हाईक सोडलं, तसंच. सगळ्यांना धरून एकत्र होता येत नाही. कोण जाणार हे आधीच कागदावर लिहा, म्हणजे गेल्यावर धक्का बसत नाही.

चार: नवीन घडी बसेपर्यंत घर कशावर चालेल? डबे चालू ठेवा. आधी दोन-तीन पार्ट्या नवीन मेनूवर करून बघा. मग पाटी बदला.

चारही उत्तरं नीट आली तरच एकत्र करा.

आणि कधी करू नका

दोन धंद्यांत लागणारे हातच वेगळे असतील, तर एकत्र करून काहीही वाचत नाही. भाऊ मोबाइल दुरुस्त करतो आणि वहिनी ब्लाउज शिवतात, तर एका दुकानात बसून भाडं वाचेल, तेवढंच. त्याला भाडं वाचवणं म्हणा, धंदा एक झाला असं समजू नका.

दोन गिऱ्हाइकं एकमेकांना पळवून लावत असतील, तरीही नको. शुद्ध शाकाहारीवर नाव कमावलेल्या खानावळीने त्याच स्वयंपाकघरात रस्सा-सुकं सुरू केलं, तर वाचलेल्या गॅसपेक्षा गेलेलं गिऱ्हाईक महाग पडेल.

आणि दोन्ही गल्ले भरून वाहत असतील, माणसं पुरेशी असतील, तर कुणाचा व्हिडिओ बघून, माझासुद्धा, काही एक करायला जाऊ नका. निन्टेंडोने डीएस आणि वीच्या दिवसांत केलं नाही. गरज पडली तेव्हा केलं, पण पूर्ण बुडायची वाट बघत बसले नाहीत. त्या मधल्या काळात निर्णय घेणं हेच खरं कौशल्य. तो काळ ओळखायचा तर गल्ल्यातल्या पैशांच्या आधी कारागिराच्या चेहऱ्याकडे बघा. तो आधी थकतो, गल्ला नंतर रिकामा होतो. आणि लहान धंद्यात तो कारागीर बहुतेक वेळा तुम्ही स्वतः असता, नाहीतर तुमची आई, तुमची बायको, तुमचा नवरा असतो. ताळेबंदात त्यांच्या थकव्याचा रकाना नसतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे एका धंद्याची कामं, उजवीकडे दुसऱ्याची. माल आणणं, बनवणं, पॅकिंग, हिशेब, डिलिव्हरी, उधारी वसुली, सगळं. प्रत्येक कामापुढे ते कोण करतं त्याचं नाव लिहा. जे नाव दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा येतंय, त्याला गोल करा. त्या माणसाचे कुठले दोन तास एकच काम दोनदा करण्यात जातात, ते शोधा. तुमचं एकत्रीकरण तिथून सुरू होईल, पाटीवरून नाही.

वही घेऊन पुढच्या लाइव्हला या. तिथे आपण एकेकाचा कागद उघडून बसू.

भेटूच. धंदा वाढवा, पण तो करणारी माणसं जपून!